पंधरा किलोंचा बार

लोखंड कुठून गंजायला लागतं हे बाकोआला कुणी शिकवायची गरज नव्हती. चौदा वर्षं त्याने एका जर्मन मालकाच्या जहाजांवर इंजिनखोलीत तेल घालत काढली होती. "वरचा गंज म्हणजे नुसता देखावा," तो सांगायचा. "खरा गंज सांध्यात बसतो, आणि तो आवाज करत नाही." एवढं सांगून झालं की तो आपल्या उजव्या पावलाकडे बघायचा. त्या पावलाची तीन बोटं साखरेच्या दुखण्याने नेली होती, तीही आवाज न करताच.

त्यामुळे बेसिओ बेटावरच्या त्याच्या घरामागच्या शेडमध्ये वजन उचलायच्या जुन्या बारचं काय झालंय, हे त्याला त्याच्या मुलीच्या, एरेताच्या आधी कळलं होतं. बोलत तेवढा नव्हता.

शेड म्हणजे नारळाच्या चार खोडांवर टाकलेले पत्रे. खाली प्लायवूड, दोन्ही बाजूंना जुने टायर. दोन प्लेटा खऱ्या रबराच्या, बाकीच्या बाकोआने बिस्किटांच्या डब्यांत सिमेंट ओतून केलेल्या. आणि मधोमध तो बार. वीस वर्षांपूर्वी एक ऑस्ट्रेलियन मास्तर गाव सोडून जाताना देऊन गेला होता. त्याच बारवर बाकोआ स्वतः उचलायचा, त्याच बारच्या जोरावर तो एकदा परदेशी, आपियाच्या स्पर्धेला गेला आणि सहावा आला. उचलणारे सहाच होते, हे तो सांगत नसे. कुणी विचारलंच तर म्हणे, "सहावा म्हणजे सहावा. बाकीचे घरी झोपले होते, त्यांचा नंबर काय?"

बारच्या दोन्ही टोकांना जाड नळ्या असतात, प्लेटा त्यांवर चढतात. वजन खांद्यावर घेताना मनगट गर्रकन उलटतं, तेव्हा आतला दांडा फिरायला हवा आणि नळी जागच्या जागी राहायला हवी. या बारच्या नळ्या केव्हाच दांड्याला चिकटल्या होत्या. दर वेळी ब्याऐंशी किलो वजन एरेताचं मनगट पिरगाळू बघायचं. उचलून झालं की पाठ करून उभी राहायची आणि उजवा हात लुंगीत गुंडाळून दाबायची.

"दुखतंय?"

"नाही."

"मग हात का लपवतेस?"

"बाबा, तुम्ही पाय लपवता तेव्हा मी विचारते का?"

एरेता सतरा वर्षांची. मार्चमध्ये पलीकडे बैरिकीला निवड चाचणी होती. निवडलेल्या एका मुलीला नाऊरूच्या शिबिरात दोन वर्षं ठेवणार होते. खाणं, शिक्षण, खरा कोच, आणि त्यानंतर जग. शिबिरात अठराच्या आतलीच मुलं घेत, आणि एरेताला मे महिन्यात अठरा पूर्ण होत होती. म्हणजे संधी ही एवढीच.

वेटलिफ्टिंग संघटनेचे सेक्रेटरी उरिआम स्वतः येऊन सांगून गेले होते. उरिआमना प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची सवय होती, जणू ऐकणारा तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसलाय. "क्लीन अँड जर्क पंच्याऐंशी. पंच्याऐंशी म्हणजे पंच्याऐंशी. पंच्याऐंशीच्या खाली मला काही दाखवू नका, चौऱ्याऐंशीवाल्या पोरी माझ्या आळीत पडल्यात."

जमिनीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून डोक्यावर, या उचलीत एरेता ब्याऐंशीवर अडली होती. तीन किलो. तांदळाची तीन किलोंची पिशवी ती करंगळीला अडकवून आणायची. पण तिचं मनगट दर आठवड्याला जरा जास्त सुजत होतं, आणि तीन किलो हळूहळू लांब चालले होते.

मग एक दिवस बाकोआने डुकरं विकली.

दोन डुकरं होती, चांगली पोसलेली. ती त्याची नव्हतीच म्हणा ना. बायको अरोइता जाऊन तीन वर्षं होत आली होती, आणि तिच्या नावाने जेवण घालायचं म्हणून ती ठेवली होती. अरोइताला तिच्या माहेरच्या अंगणात पुरलं होतं, बेटांनी वेढलेल्या आतल्या समुद्राच्या काठावर, तिच्या आईशेजारी. जेवणही तिथेच व्हायचं होतं, तिचा भाऊ मोते याच्या दारात. मोतेला विचारल्याशिवाय डुकरं गेली. जेवण पुढच्या वर्षी घालू, असं बाकोआ स्वतःशी म्हणाला. मेलेल्या माणसाला एक वर्ष म्हणजे काय.

बार मागवायचा तो कबूताच्या दुकानातून. कबूताबाईंचा माल ब्रिस्बेनहून कंटेनरमध्ये यायचा, आणि बाईंना समोरच्याला बोलू देण्याची सवय नव्हती. प्रश्न त्याच विचारत, उत्तरही त्याच देत.

"बार हवाय? हवाय. माझ्याकडे आहे? नाही. येईल? येईल. कधी? जहाज येईल तेव्हा. जहाज कधी येईल? ते मला विचारू नकोस."

त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून तांदळाच्या पोत्यावर ठेवला. दुकानात होते नव्हते ते सगळे भोवती जमले. पलीकडून ब्रिस्बेनचा दुकानदार बोलू लागला. हा माणूस 'मित्रा' म्हटल्याशिवाय श्वासही घेत नव्हता.

"कसा आहेस मित्रा? घरच्या घरी जिम का? छान, मित्रा. आता मला सांग, समुद्रापासून किती लांब राहतोस? खाऱ्या हवेचं बघायला लागतं, मित्रा."

"कुठल्या समुद्रापासून?" बाकोआने विचारलं.

"म्हणजे?"

"एक समुद्र या बाजूला दगड मारला तर पडेल तिथे आहे. दुसरा त्या बाजूला."

पोत्यावरून आवाज आला. "मग स्टेनलेस घे, मित्रा."

हे बाकोआला आधीच ठाऊक होतं. काळा, साधा पोलादी बार स्वस्त, पण इथे तो चार महिन्यांत तपकिरी होतो. झिंकचा मुलामा घामाने जातो. क्रोम दिसायला आरसा, पण जहाजाच्या कठड्याचं क्रोम त्याने पाहिलं होतं. एक टवका उडाला की गंज आतून सरपटत जातो आणि वरून आरसा तसाच. तेव्हा स्टेनलेस. नळ्यांना बेअरिंग हवं, आणि ते उघडून तेल घालता आलं पाहिजे. पकडीची खरखर फार धारदार नको, पोरीचे तळवे सोलतील. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि दुकानातली माणसं, डॉक्टर बोलत असल्यासारखी, माना डोलावू लागली.

"आता वीसचा की पंधराचा, मित्रा?"

पुरुषांचा बार वीस किलोंचा, जाड आणि लांब. बायकांचा पंधराचा. तो जरासा बारीक आणि वीतभर आखूड असतो.

"वीसचा घे," तांदूळ घ्यायला आलेल्या एका बाई म्हणाल्या. "पाच किलो लोखंड जास्त येतंय."

"वीसचाच घे मित्रा," पोतं म्हणालं. "सगळं घर वापरेल. पंधराचा लवतो."

"लवायलाच हवा," बाकोआ म्हणाला. "डोक्यावर नेताना बार लवतो आणि परत उसळी घेतो. त्या उसळीवर स्वार व्हायचं असतं. जाड बार पोरीला उसळी देणार नाही."

शेडची रुंदी त्याने सकाळीच काथ्याच्या दोरीने मोजली होती. गाठ मारलेली दोरी खिशातून काढून त्याने सगळ्यांना दाखवली. वीसचा बार आत आडवा धरला तर एका बाजूच्या खांबाला लागला असता. दोरी पाहिल्यावर वाद संपला. आपल्याकडे दोरीशी कुणी भांडत नाही.

पण पंधराचा घेण्याचं खरं कारण दोरीत नव्हतं. ते त्याने घरी जाताना फक्त एरेताला सांगितलं.

नातलग समोर येऊन बसला, 'बुबुसी करतो' म्हणाला आणि वस्तूचं नाव घेतलं, की वस्तू त्याची झाली. नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलेल्या माणसाची गोष्ट गावात तीन पिढ्या सांगतात, आणि दर पिढीत तो माणूस आणखी कंजूष होत जातो. बाकोआ जहाजावरून उतरला तेव्हा त्याच्याकडे होडीचं इंजिन होतं, ते चुलतभावाने नेलं. शिलाई मशीन मावशीने नेलं. हातगाडी कुणी नेली हे तर आता आठवतही नव्हतं, पण ती चर्चच्या दारात उभी दिसायची आणि बाकोआ तिला ओळख न दाखवता पुढे जायचा. स्वतः बाकोआनेही लोकांचं कमी आणलं नव्हतं. शेडचे पत्रे त्याने अशाच एका मेव्हण्याकडून मागून आणले होते.

"वीसचा आणला तर महिनाभरात कुणीतरी येऊन बसेल," तो म्हणाला. "तुझे सगळे चुलतभाऊ उचलतात. पण बायकांचा बार कोण मागेल? कोण पुरुष चार लोकांत म्हणेल, मला बायकांचा बार द्या?"

एरेता खूप दिवसांनी हसली. "बाबा, तुम्ही जहाजावर वाया गेलात. तुम्ही संसदेत हवे होतात."

आणखी एक शहाणपणा त्याने केला. नवा बार यायच्या आधीच जुना चर्चच्या तरुण मंडळाला देऊन टाकला. ज्याच्या घरी दोन आहेत त्याच्याकडे लोक एक मागतात. ज्याच्या घरी एकच आहे, त्याच्याकडे मागणाऱ्याची जीभ जरा अडखळते. असा त्याचा हिशेब.

बार जानेवारीत आला. पुठ्ठ्याच्या लांब नळीतून तो बाहेर काढला तेव्हा सगळी आळी शेडभोवती होती. बाकोआने एक टोक मांडीवर ठेवलं आणि दुसऱ्या टोकाच्या नळीला बोटाने टिचकी मारली. ती फिरत राहिली. फिरत राहिली. बायका बोलायच्या थांबल्या. कुणाचं तरी तान्हं मूल तेवढं बडबडत होतं.

मग चुलतभाऊ पुढे झाले. रेवा म्हणून सगळ्यांत थोराड होता, त्याने बार हातात घेतला, बोटं मिटली आणि त्याची बोटं एकमेकांवर चढली.

"हे काय काका, ही तर मासे भाजायची सळई आणलीत."

"बायकांचा आहे," बाकोआ खांदे पाडून म्हणाला. "तेवढाच परवडला."

"मग राहू दे. मोडेल माझ्या हातून."

सगळे हसले, रेवाही हसला, बार खाली ठेवला आणि गेला. बाकोआ इतका पडेल चेहरा करून उभा होता की एरेताला शेडच्या मागे जाऊन तोंडात लुंगी कोंबावी लागली.

मोते मात्र हसला नाही. एरवी मोते कुठेही गेला की घसा खाकरून आधी म्हणायचा, "मी काही मागायला आलो नाही हं, सहज आलो." हे वाक्य ऐकलं की घरातली माणसं मनातल्या मनात वस्तू मोजायला लागत. त्या दिवशी तो शेडच्या खांबाला टेकून उभा होता.

"चांगलं चकाकतंय, दाजी."

"हो. स्टेनलेस आहे."

"डुकरंही चांगली पोसली होती," मोते म्हणाला आणि घरी गेला.

पण बार खरोखरच चांगला होता. रोज सकाळी एरेता तो कोरड्या फडक्याने पुसायची, खोबरेल तेलाचा हात फिरवायची आणि आईच्या जुन्या लुंगीत गुंडाळून ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात मनगटाची सूज उतरली. फेब्रुवारी लागताच ती त्र्याऐंशीवर गेली. बार खांद्यावरून सुटताना लवायचा, दोन्हीकडच्या प्लेटा क्षणभर मागे राहायच्या, मग उसळायच्या, आणि ती त्या उसळीखाली शिरायची. बाकोआ तोंडाने तो आवाज काढायचा. "हुप्प," असं. आधी तो म्हणायचा, मग बार वर जायचा. शेजारची म्हातारी म्हणे, बार बाकोआच्या तोंडात आहे, पोरगी नुसती हात वर करते.

चाचणीला अकरा दिवस उरले असताना मोठी भरती आली.

वर्षातून दोन-चारदा समुद्र असा चढतो, आणि दर वर्षी जरा जास्त चढतो. पहाटेच्या भरतीने रस्ता बुडवला. संध्याकाळची पाचला होती. दुपारी दोनच्या सुमारास मोते आला. गुडघ्यापर्यंत ओला, बरोबर दोन जावई. शेडमध्ये एरेताच्या बारवर चौऱ्याऐंशी चढलेले होते. मोते घरासमोरच्या चटईवर मांडी घालून बसला. घसा खाकरला नाही. सहज आलो म्हणाला नाही.

"दाजी, आमच्या दारातला बांध फुटला."

"कुठवर?"

"ताईच्या पायांशी."

शेडमधला आवाज थांबला.

"कौन्सिलच्या पहारी?" बाकोआने विचारलं.

"सगळ्या दवाखान्याच्या भिंतीवर. एकही मोकळी नाही. तो युद्धातल्या जपानी बंकरचा मोठा तुकडा आहे ना आमच्या दारात, तो खिंडारात ढकलला तर पाणी अडेल. हाताने हलत नाही."

"माझ्याकडे पाइप आहे एक."

"पाइप सकाळी वाकला. तुमचा जुना बारही मंडळाकडून आणला होता. मोडला. आतून पार खाल्लेला होता."

बाकोआने मान हलवली. ते त्याला ठाऊकच होतं.

"मग मी येतो," तो म्हणाला. "आपण चौघं मिळून लोटू."

मोतेने त्याच्या पावलाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. जावई जमिनीकडे बघत होते.

"दाजी," मोते म्हणाला, "ताईची डुकरं विकून तुम्ही लोखंड आणलंत. मी तेव्हा बोललो नाही. मुलीसाठी केलंत, मला कळतं. आता मी बुबुसी करतो. तो बार मला द्या."

एवढ्या दिवसांत बाकोआने या वाक्यासाठी एकच उत्तर तयार ठेवलं होतं. तेच तोंडातून निघालं.

"तो बायकांचा आहे, मोते."

"ताई बाईच होती," मोते म्हणाला.

बाकोआ शेडकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं, पोरीने काहीतरी बोलावं. लहान आहे, रडली, ओरडली तर लोक दोन दिवसांत विसरतील. त्याला स्वतःला नाही म्हणता येणार नव्हतं, पण तिच्या रडण्यामागे लपता आलं असतं. आतून प्लेट काढल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग सिमेंटच्या, एकेक. एरेता बार दोन्ही हातांवर आडवा घेऊन बाहेर आली, आईच्या लुंगीत गुंडाळलेला, तान्ह्या मुलाला आणतात तसा.

"घ्या, मामा," ती म्हणाली.

बाकोआ मागोमाग गेला. बुबुसीत दिलेल्या वस्तूमागे जाणं शोभत नाही. तरी गेला. अरोइताची कबर पांढऱ्या रंगाच्या दगडांनी आखलेली होती आणि कडेने बाटल्या उलट्या पुरलेल्या. समुद्राकडच्या बाजूच्या सहा-सात बाटल्या गेल्या होत्या. बांधाच्या खिंडारातून पाणी येत होतं, जाताना वाळू घेऊन जात होतं, फार घाई नसल्यासारखं.

जावयांनी बारचं एक टोक सिमेंटच्या तुकड्याखाली घातलं, खाली दगडाचा टेकू दिला. बेअरिंगवाली नळी वाळूत गेली तेव्हा बाकोआने डोळे मिटून घेतले.

"टेकू जवळ घ्या," मग तो म्हणाला. "तुकड्याच्या अगदी जवळ. लांब घेतलात तर सगळा भार दांड्यावर येईल."

पहिल्यांदा एका जावयाने जोर लावला. बार धनुष्यासारखा लवला आणि जोर सुटताच सरळ झाला. "बघा, लवतो आणि परत येतो," मोते म्हणाला, आणि बाकोआला क्षणभर बरं वाटलं. तुकडा इंचभर हलला होता.

पाच वाजत आले. पाण्याचा रंग बदलला. मग एक लाट आली ती थांबलीच नाही, सरळ कबरीच्या दगडांपर्यंत गेली, आणि परतताना कोपऱ्यातला दगड आणि त्यामागची माती घेऊन निघाली. मातीत एक काळं छिद्र पडलं. फार मोठं नव्हतं. हात जाईल एवढं.

बाकोआला पुढचं नीट आठवत नसे. एवढंच आठवायचं की जावई कुणीतरी बाजूला ढकलला, आणि तो ढकलणारा तोच होता. मोतेचे हात बारवर होते, त्यांच्यापुढे बाकोआने आपले ठेवले आणि छाती टाकली. आपियात टाकली होती त्याहून जास्त. बोटं नसलेला पाय वाळूत रुतला. बार लवला. मग आणखी लवला. लोखंड हाताला सांगतं. लवणारं लोखंड उलट ढकलतं, आणि एका ठिकाणी ते ढकलायचं सोडून देतं, म्हणतं, ठीक आहे. बाकोआला ती जागा हातात कळली. त्याला थांबता आलं असतं. तो थांबला नाही.

तुकडा उलटला आणि खिंडारात जाऊन बसला.

लोकांनी वाळूची पोती टाकली, नारळाच्या झावळ्या टाकल्या. अंधार पडायच्या आत पाणी उतरू लागलं. अरोइता होती तिथे राहिली. बार वाळूत पडला होता. मधून चार बोटं वाकलेला.

"वीसचा असता तर वाकला नसता," बाकोआ म्हणाला.

"काय म्हणालात, दाजी?"

"काही नाही. पोती टाका."

दुसऱ्या दिवशी मोते बार घेऊन आला. धुतलेला, तेल लावलेला, आणि केवड्याच्या पातीच्या नव्याकोऱ्या चटईत गुंडाळलेला. दिलेली वस्तू परत येत नसते. मोते दारात उभा राहिला. त्याला काय बोलावं ते कळेना, म्हणून जे नेहमी बोलायचा तेच बोलला. "मी काही मागायला आलो नाही, दाजी."

बाकोआने दोन नारळांच्या खोडांमध्ये अडकवून बार सरळ करून पाहिला. एका जागी सरळ झाला, दुसऱ्या जागी वाकला. कबूताबाई म्हणाल्या, "दुसरा येईल? येईल. चाचणीच्या आधी? नाही."

उरलेले दहा दिवस एरेताने त्याच बारवर काढले. वाकडा बार हातात स्वस्थ बसत नाही. खांद्यावर आला की तो पोट खाली करायला बघतो, आपोआप वळतो. एरेता ते शिकली. बार जिकडे वळणार त्याच्या उलट बाजूला ती आधीच कोपर वळवून ठेवायची. दहाव्या दिवशी तिने त्या वाकड्यावर पंच्याऐंशी डोक्यावर नेले, आणि बाकोआ 'हुप्प' म्हणायला विसरला.

बैरिकीला सरळ बार होता. सरावाला ऐंशी तिने सहज नेले. पंच्याऐंशीला ती खांद्यापर्यंत आली, उभी राहिली, लवली आणि हात वर नेले. आणि तिचा उजवा कोपर उलटा वळून थांबला. तो बार वळायची वाट बघत होता. सरळ बार कशाला वळेल? बार समोर पडला. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी डोक्यावर राहिला, पण कोपर एकदा थरथरला, आणि पंचांच्या तीन दिव्यांपैकी दोन लाल लागले, म्हणजे उचल बाद.

उरिआम जवळ आले. "पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी तर..." मग त्यांनी हातातल्या कागदावरची जन्मतारीख वाचली. "नाही. मग नाही. मला नाही म्हणायला आवडत नाही, पण नाही." सगळ्या बेटावर नाही म्हणणारा तो एकच माणूस होता, आणि त्याला ते काम नेमून दिलेलं होतं.

परतताना मिनीबसमध्ये बापलेक शेवटच्या बाकावर बसले. एका बाजूने एक समुद्र चालला होता, दुसऱ्या बाजूने दुसरा.

"वीसचा घ्यायला हवा होता," बाकोआ म्हणाला.

"मग पहिल्याच आठवड्यात रेवाने नेला असता."

"हो."

"आणि तुम्ही तेव्हा म्हणाला असतात, पंधराचा घ्यायला हवा होता."

बेसिओचा पूल संपेपर्यंत एरेता आपला उजवा कोपर वळवून बघत होती, सरळ, मग उलटा, मग सरळ.

"आईच्या बाटल्या परत लावायला हव्यात," ती म्हणाली. "मी दुकानातून रिकाम्या आणीन."

आता ती कबूताबाईंच्याच दुकानात असते. कंटेनर आला की तांदळाची पोती दोन-दोन उचलते, आणि तांदूळ घ्यायला आलेल्या बाई म्हणतात, बघा कशी उचलते, खेळात असती तर कुठे गेली असती. बाकोआचा दुसरा पाय काळा पडू लागला आहे. बार परत मोतेच्या बांधावर गेला आहे. तो उभा ठोकून वाळूची पोती त्याच्या आधाराने रचली आहेत. शेजारच्या सगळ्या सळया गंजून तपकिरी झाल्या, तो एकटा अजून चकाकतो. पुढच्या भरतीला टिकेल. तिच्या पुढचीचं कुणी सांगावं.

परवा बाकोआ काठी टेकत दुकानात आला.

"काय हवंय? काहीतरी हवंय," कबूताबाई म्हणाल्या. "बार? बार नको. मग काय?"

"पहार सांगा ब्रिस्बेनला," बाकोआ म्हणाला. "चांगली जाड. दोन."

"दोन कशाला?"

"एक मागायला येईलच कुणीतरी."